मधल्या माडीचा वारा

बोरखेडी हे पूर्णेच्या काठचे, अकोल्याहून अमरावतीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवरचे गाव. गावाला पाटील होता, कुळकर्णी होता, आणि गारांपासून पिकांचे रक्षण करणारा एक वंशपरंपरागत अधिकारीही होता. त्याला गारपगारी म्हणत. आभाळात तशी लक्षणे दिसली की गारपगाऱ्याने मारुतीपुढचा त्रिशूळ घेऊन शिवेवर जायचे, राख फुंकायची, ढगांना दटावायचे आणि गारा पलीकडच्या गावाच्या हद्दीत पाठवायच्या. पलीकडच्या सांगव्यालाही गारपगारी होता आणि त्याचेही काम हेच होते. एकाच ढगाला दोघांनी परस्परविरुद्ध आज्ञा दिल्या तर ढगाने कोणाचे ऐकावे, याची तरतूद या व्यवस्थेत नव्हती. ढगानेही ती कधी मागितल्याचे ऐकिवात नाही.

बोरखेडीचा गारपगारी नत्थुजी. बावीस वर्षे तो हे काम करीत होता आणि त्याबद्दल गावाने त्याच्या वडिलांना दिलेली तीन बिघे जमीन कसत होता. बावीस वर्षांत गावावर चार वेळा गारा पडल्या होत्या. उरलेल्या अठरा वर्षांचे श्रेय नत्थुजीच्या नावावर जमा होते. गारपगारी नसलेल्या गावातही गारा एवढ्याच वेळा पडतात की काय, हे कोणी ताडून पाहिले नव्हते, कारण गारपगारी नसलेले गाव पंचक्रोशीत नव्हते. प्रयोग करायचा तर एका गावाने पुढे यायला हवे होते, आणि तसे शास्त्रप्रेम वऱ्हाडात अजून उगवले नव्हते.

त्या वर्षी तर उगवायचे ते सगळे कापूसच होते. तिकडे अमेरिकेत एकाच देशाची माणसे तिसऱ्या वर्षीही एकमेकांवर तोफा डागीत होती. त्यामुळे तिथला कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळत नव्हता, त्यामुळे मुंबईचे व्यापारी अमरावतीच्या बाजारात येऊन बसले होते आणि त्यामुळे वामनराव पाटलांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. या साखळीतली शेवटची कडी तेवढी वामनरावांना ठाऊक होती. आपल्या वावराची माती पिढीजात गुणी आहे, असे ते या भरभराटीचे कारण सांगत.

नत्थुजीनेही आपल्या तीन बिघ्यांत ज्वारीऐवजी प्रथमच पऱ्हाटी लावली होती. त्याच्यापाशी एकच बैल होता. दुसरा बैल तो दरसाल कोणाकडून तरी उसना आणी, आणि उसना बैल नेहमी इतरांची पेरणी आटोपल्यावरच मोकळा होई. या कापसातून दुसरा बैल घ्यायचा, असे त्याने आणि त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईने, ठरवले होते. कार्तिक लागला तेव्हा बोंडे उकलली होती आणि तीन बिघे पांढरे झाले होते. तरी वेचता येत नव्हते, कारण पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करावे लागते: घरच्या बाईने वावरात पाच खडे मांडायचे, सीतामाईला दहीभात वाहायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. हा मान बोरखेडीत पहिल्यांदा पाटलाच्या वावराचा. पाटलाच्या घरचे दही पडेपर्यंत इतरांनी थांबायचे. वामनरावांनी पौर्णिमेचा मुहूर्त धरला होता. पौर्णिमेला अजून पाच दिवस होते. भाव रोज चढत होता, आणि झाडावरच्या कापसाला कोठाराचे भाडे पडत नाही, असा त्यांचा त्यामागे विचार होता.

त्या दिवशी दुपारी अमरावतीच्या अडत्याचा मुनीम देवीदास घोड्यावरून आला आणि त्याने चावडीवर बातमी सांगितली. पूर्वेच्या किनाऱ्यावर मोठे चक्रीवादळ आदळले होते. गावेच्या गावे पाण्याखाली गेली होती. तारघरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. वादळ आता जमिनीवर चढून पश्चिमेकडे निघाले होते. चावडीवरच्या लोकांनी हळहळ व्यक्त केली, ती बरीच खरी होती, आणि मग ते वादळ इकडे येणार का, असे विचारले.

देवीदास काही दिवस मुंबईला शाळेत होता, त्यामुळे त्याच्यापाशी नकाशा होता. त्याने तो ओट्यावर पसरला. वादळ समुद्रात कुठे होते तिथे एक ठिपका दिला, किनाऱ्यावर कुठे आदळले तिथे दुसरा दिला, दोन्हींवर पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. रेघ हैदराबादेवरून सोलापुराकडे गेली. बोरखेडी रेघेपासून शंभरेक कोस उत्तरेला राहिली. देवीदासाने पट्टी पुसून खिशात ठेवली. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते हे निर्विवाद आहे. वादळाने भूमिती शिकलेली असते की नाही, एवढाच प्रश्न होता.

वामनरावांनी याला स्वतःच्या निरीक्षणाची जोड दिली. सकाळपासून गावात ईशान्येचा वारा सुटला होता आणि तो नैर्ऋत्येकडे जोरात वाहत होता. वादळ तिकडे खाली दक्षिणेत, आपला वारा त्याच्याच अंगावर चालून जातो आहे. तेव्हा वादळ आले तरी हा वारा त्याला मागे रेटील, असे त्यांनी सांगितले. सर्वांना ते पटले. पटण्यासारखेच होते, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाचा कापूस वावरात उभा होता.

वस्तुस्थिती अशी की तो वारा वादळाला अडवायला निघालेला नव्हता. तो वादळाचाच होता. आपल्याकडचे चक्रीवादळ घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते आणि शेकडो कोसांची हवा आपल्याभोवती ओढून घेते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की वादळाचे केंद्र साधारण डाव्या हाताला असते. ईशान्येच्या वाऱ्याकडे पाठ केली तर डावा हात आग्नेयेला येतो, म्हणजे बरोबर जिथे ते होते तिथे. वामनरावांना जी मदत वाटत होती ती वादळाच्या घरची आगाऊ आलेली मंडळी होती.

नत्थुजी चावडीच्या कोपऱ्यात बसून हे ऐकत होता. त्याला काटे आणि घड्याळे ठाऊक नव्हती, पण बावीस वर्षे पगारावर आभाळ पाहणारा गावात तो एकटाच होता. उठून तो मारुतीच्या देवळापुढे गेला आणि निशाणकाठीच्या बुंध्याशी उताणा पडला. गाव याला समाधी समजत असे. प्रत्यक्षात तो डोके काठीला टेकवून तिचे टोक आणि त्यामागून सरकणारे ढग पाहत असे. आभाळाला खुणा नसतात, त्यामुळे ढग कोणत्या दिशेने चालला हे नुसत्या नजरेने नीट कळत नाही; काठीचे टोक धरले की कळते. पुढे वेधशाळांनी याच कामासाठी पितळी यंत्रे बसवली. नत्थुजीची काठी सागवानी होती.

मनकर्णाबाई त्याला जेवायला बोलवायला आली तेव्हा त्याने तिला आपले अनुमान सांगितले. आभाळ हे माडीचे घर आहे. खालच्या मजल्यावरचा वारा वादळाचा नोकर. तो वादळ सांगेल तिकडे धावतो, त्याला काही विचारू नये. सगळ्यात वर पिसांसारखे ढग असतात, ते बहुधा वादळाने सोडलेला श्वास असतात, त्यांचेही खरे धरू नये. मधल्या माडीवर मेंढरांच्या कळपासारखे ढग असतात. तो वारा जिकडे, तिकडे वादळ. पूर्णेला पूर आला की भोवरा गरगर फिरतो आपल्या बळाने, पण तो तसाच फिरत खाली वाहून जातो तो नदीच्या बळाने. भोवऱ्याला पाय नसतात.

“मंग मेंढरं कुठं चालली?” तिने विचारले.

त्या दिवशी मेंढरे पूर्वेकडून पश्चिमेकडे चालली होती. म्हणजे देवीदासाची रेघ तूर्त बरोबर होती. नत्थुजी जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढरांनी वाट बदलली. आधी ती आग्नेयेकडून येऊ लागली, आणि उन्हे कलताना जवळजवळ दक्षिणेकडून. मधल्या माडीचा वारा उत्तरेकडे वळत होता, तेव्हा त्यात सापडलेला भोवराही वळणार होता. आणखी एक गोष्ट नत्थुजीच्या मनाला लागली. वादळ रेघेवरून सोलापुराकडे निघून जात असते तर ते डावीकडून पुढे सरकले असते आणि गावातला खालचा वारा ईशान्येवरून पूर्वेला फिरला असता. तो फिरला नव्हता. त्याच दिशेला चिकटून नुसता वाढत होता. गाडी आपल्या अंगावरच येत असली म्हणजे ती बाजूला सरकताना दिसत नाही, फक्त मोठी होत जाते.

उकललेल्या बोंडावर दोन दिवस पाऊस बसला की कापूस पिवळा पडतो, आतल्या सरकीला मोड येतात आणि त्याला कवडी म्हणतात. कवडी कापसाला त्या तेजीतही गिऱ्हाईक नव्हते. नत्थुजीने वेचायचे ठरवले, आणि ठरवताच त्याला आपली अडचण कळली. पाटलाच्या आधी बोंडाला हात लावला तर मान मोडल्याचा दोष येणार होता, तो दंडावर भागला असता. पण गारपगाऱ्याने स्वतःचे पीक घाईने घरात आणले, तर आपल्या मंत्रावर आपलाच विश्वास नाही, हे गावाला दिसणार होते. तसे झाले तर काम जाणार, आणि तीन बिघे जमीन त्या कामाची होती. वेचावे तर जमीन जाते, न वेचावे तर कापूस जातो. वाचले तर दोन्ही एकदमच वाचणार होते, सगळ्या गावाने वेचले तर.

म्हणून त्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, नत्थुजीने चावडीवर जाऊन जे कोणत्याही गारपगाऱ्याने आजवर केले नव्हते ते केले. त्याने खरे सांगितले.

“पाटील, मी आजवर एकबी ढग हाकलला नाई,” तो म्हणाला. “मी नुसता पाह्यतो. ते वादळ वळून इकडंच येऊन राह्यलं. पौर्णिमेची वाट नोका पाहू, उद्याच वेचनी धरा.”

मग वामनराव हसले, आणि ते मनापासून हसले. या तेजीत सुताराने दर वाढवला होता, लोहाराने वाढवला होता, न्हाव्याने तर अर्धी दाढी करून भाव ठरवायला सुरुवात केली होती. गारपगारी तेवढा जुन्या दरावर राहिला होता. तोही आता जागा झाला, एवढाच अर्थ त्यांना दिसला.

“लय उशीर केला बापा तुमी,” ते म्हणाले. “सरळ सांगा ना, काय पाह्यजे. वादळ वळवा, अन् माह्या गोठ्यातला पसंत पडन तो बैल घेऊन जा.”

बैल हा शब्द ऐकून नत्थुजी क्षणभर थांबला, हे नोंदवणे भाग आहे. वादळ न येण्याचीही थोडी शक्यता होतीच; नुसते होय म्हणून शिवेवर उभे राहिले असते तर चालले असते. मग त्याने मान हलवली.

“बैल नोको, पाटील. वेचनी धरा.”

वामनरावांनी शेजारच्यांकडे पाहिले. माणूस पक्का निघाला, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

“बरं. जोडी घेऊन जा.”

नत्थुजीने पुन्हा एकदा, शब्द बदलून, आपल्या अंगात कसलीही शक्ती नाही असे सांगितले. त्यावर देवीदासाने, जो मुक्कामाला राहिला होता, असे मत दिले की खरोखर शक्ती नसलेला माणूस ती नसल्याचे इतके आग्रहाने कधीच सांगत नाही. याला चावडीवर चांगली मान्यता मिळाली. ठराव झाला की नत्थुजीने सकाळपासून शिवेवर उभे राहावे, वादळ वळवावे आणि गोठ्यातली जोडी न्यावी. सत्य सांगून त्याने एवढेच साधले होते की त्याच्या थापेची किंमत दुप्पट झाली होती.

घरी येऊन त्याने हे सांगितले तेव्हा मनकर्णाबाई जात्यावर बसली होती. तिने पीठ भरले, जाते झाकले आणि ओटी बांधायचे जुने लुगडे काढून ठेवले. वेचणाऱ्या बाया कापूस ओटीत भरतात.

“हे कायले?” त्याने विचारले.

“सकायी चालली मी वेचाले.”

“अवं, लोक पाहतीन. वावर जाईन हातचं.”

“पाहू द्या. गावानं ढग हाकलाचं काम तुमाले देलं. मले देलं का?”

नत्थुजीने यावर विचार केला. वादळे वळवण्याची सनद खरोखर त्याच्या एकट्याच्या नावावर होती.

सकाळी उजाडल्यावर बोरखेडीच्या पूर्व शिवेवरचे दृश्य असे होते. नत्थुजी अंगाला राख फासून, हातात त्रिशूळ घेऊन, वादळाला परत जाण्याची आज्ञा देत उभा होता. शिवेलाच लागून त्याचे तीन बिघे होते, आणि त्याच्या पाठीमागे शंभर पावलांवर त्याची बायको दोन्ही हातांनी कापूस वेचत होती. तिने पाच खडे मांडून दहीभात वाहिला होता. सीतामाईशी तिचे भांडण नव्हते.

नदीवर जाणाऱ्या बायांनी हे पाहिले. त्यांत वामनरावांची बायको कौशल्याबाई होती. एकीने तिला म्हटले की नत्थुजीला जाऊन विचारावे, वादळाचे काय म्हणतो.

“ज्याची बायको वेचून राह्यली त्याले काय इचारतं वं?” कौशल्याबाई म्हणाली आणि रिकामी घागर घेऊन माघारी वळली.

घरी जाऊन तिने दह्याचे मडके काढले. वामनरावांनी मुहूर्ताचे काय, असे विचारले. दही लागले आहे आणि ते पौर्णिमेपर्यंत आंबून जाईल, असे तिने सांगितले. या उत्तरात खंडन करण्यासारखे काही नव्हते. तासाभरात पाटलाच्या वावरात दही पडले, आणि मग गावात थांबण्यासारखे कोणी उरले नाही. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सोवळ्यातल्या, सगळ्या ओट्या बांधून वावरात उतरल्या. पुरुषांना वेचणी येत नाही असा समज होता; त्या दोन दिवसांत तो खोटा ठरला आणि नंतर पुन्हा खरा करण्यात आला. चावडीवर जो इशारा तोंडाने देऊन कोणाला कळला नव्हता, तो पाठमोऱ्या मनकर्णाबाईने एक शब्द न बोलता गावभर पोचवला.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आधी शेवटची गाडी गावात आली. तोवर मेंढरांचे ढग दिसेनासे झाले होते, सगळे आभाळ एकाच राखाडी रंगाचे झाले होते. पहिले थेंब नत्थुजीच्या राखेवर पडले. पुढे दोन दिवस आणि रात्री पाऊस सोसाट्याने झोडपत राहिला. जमिनीवर इतके चालून आल्याने वादळाचा जोर सरला होता, घरे पडली नाहीत, पण वावरात उभे काही असते तर ते राहिले नसते. पौर्णिमेचा चंद्र मुहूर्तावर उगवला असणार. तो कोणी पाहिला नाही.

सांगव्याचा सगळा कापूस कवडी झाला. त्यांचा गारपगारीही शिवेवर उभा होता आणि त्याने मंत्रात कसूर केली नव्हती. पण त्याची बायको त्या आठवड्यात माहेरी गेलेली होती, त्यामुळे गावाला वेळेवर काही कळायला मार्गच नव्हता.

पाऊस उघडल्यावर चावडीवर निवाडा बसला. शास्त्राच्या दृष्टीने निवाडा करण्यासारखे थोडेच होते: नत्थुजीचे अनुमान बरोबर ठरले होते. त्यातही मधल्या माडीच्या ढगांत वादळाचा स्वतःचा वारा थोडाबहुत मिसळलेला असतो, हे त्याला माहीत नव्हते, आणि तेवढ्यापुरते त्याचे बरोबर येणे नशिबाचे होते, हेही सांगायला हवे. चावडीने यातल्या कशाची चर्चा केली नाही. देवीदासाने सांगितले की रेघ अचूक होती, दमट हवेने नकाशाचा कागद फुगला होता. मग वामनरावांनी निवाडा दिला. वादळ आले, हे खरे. पण ते कधी आले? शेवटची गाडी गावात शिरली तेव्हा. दोन दिवस ते शिवेबाहेर कोणी थोपवून धरले होते? एकट्या माणसाने दोन दिवस वादळ धरून ठेवायचे आणि शेवटी हात दुखून आल्यावर सोडायचे, यात त्याचा दोष नाही. तरी वळवायचे ठरले होते ते वळवले नाही. तेव्हा जोडी न देता निम्मा करार पाळावा, म्हणजे एक बैल द्यावा.

नत्थुजी उभा राहिला. आपण वादळ धरले नव्हते, ते आपल्या वाटेने आपल्या वेळेला आले, आणि त्याची वाट मधल्या माडीच्या वाऱ्याने ठरवली, हे तिसऱ्यांदा सांगावे म्हणून त्याने तोंड उघडले. तेवढ्यात गोठ्याकडून घुंगरांचा आवाज आला. मनकर्णाबाईने बैल सोडून आणला होता, त्याच्या शिंगांच्या चांदीच्या शेंब्या काढून कौशल्याबाईच्या हातात दिल्या होत्या आणि ती घराच्या वाटेला लागली होती. नत्थुजीने तोंड मिटले.

पुढच्या फाल्गुनात गव्हाची कापणी होऊन पेंढ्या खळ्यावर पडल्या होत्या. एका दुपारी मनकर्णाबाईने कुंपणावर वाळत घातलेली लुगडी उचलून घरात नेली. ती वाळली होती म्हणून नेली. ते शेजारणीने पाहिले, तिने पलीकडे सांगितले, आणि दिवस मावळेपर्यंत बोरखेडीतला सगळा गहू अर्धवट वाळलेला घराघरांत जाऊन पडला. सांगव्याहूनही एक माणूस धावत येऊन चौकशी करून गेला. आभाळ निरभ्र होते. नत्थुजी निशाणकाठीच्या बुंध्याशी उताणा पडून काठीचे टोक पाहत होता, आणि त्याला कोणी काही विचारले नाही.